अकरावी ओळ

रजिस्टर माझ्याच हातचं आहे, नाकारत नाही.
मोडी नव्हे, बाळबोध. सुभेदारसाहेब म्हणत,
पलटणीत अक्षरानंही सरळ उभं राहावं.
सावरखेड्याची फौजी शाळा, सन एकोणीसशे बारा:
पोरं चाळीस, लाकडी बंदुका बावीस,
नागपूरहून मागवलेला फुटबॉलचा रबरी फुगा एक,
दोन रुपये चार आणे. खर्ची टाकला ‘किरकोळ’मध्ये.

वरचं कातडं गावचंच.
पाटलाचा बैल पोळ्यानंतर मेला, त्याचं.
बकारामनं आठ दिवस बसून शिवलं.
पाटील हसून म्हणाले, “माहा चांद्या मेला कोठी,
अजून धावूनच राहिला.”
त्यांचा नारायण रोज आंघोळ करून, गंध लावून यायचा
आणि तेच कातडं कपाळानं मारायचा.
घरी गेल्यावर कोणी त्याला परत न्हायला लावलं
असं ऐकिवात नाही.

बकारामचा चिरकुट रेषेबाहेर.
रेषा मी आखायचो, चुलीच्या राखेनं.
चेंडू तुरीत गेला, पऱ्हाटीत गेला, नाल्यात गेला
की आणायला तो.
हातात देत नसे. लांबूनच पायानं धाडायचा,
आणि ज्याला हवा त्याच्याच पायाशी
चेंडू येऊन बसायचा, पाळलेल्या कुत्र्यासारखा.
सगळ्यांना दिसायचं.
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

हंगाम असा गेला.
कार्तिकात पुलगावच्या गिरणीशी हरलो, चार शून्य.
हिंगणघाटला रात्रभर बंडीनं; उतरलो तेच पेंगत. हरलो.
आर्वीशी बरोबरी. पंच त्यांचा होता, पण सज्जन.
कामठीच्या छावणीत गोऱ्या तोफखान्याचे
नऊ गोल खाल्ले, वर पाव आणि मुरंबा.
परतताना आमचा गोलकीपर उरकुडा ठाकरे म्हणाला,
“बापा, मले तं चेंडू दिसलाच नाही.
नुसता आवाज ये.”

माघात पुलगाववाले आमच्याकडे आले.
त्या आठवड्यात अर्धी शाळा हिवतापानं आडवी.
सुभेदारांनी रांग मोजली. दहा.
पुन्हा मोजली.
मग राखेच्या रेषेपलीकडे पाहून म्हणाले,
“चिरकुट, आत ये.”
पाटील निंबाखाली पान लावत होते,
चुना लावलेलं बोट तसंच राहिलं.
सुभेदार कोणाकडेही न पाहता म्हणाले,
“दहाची टीम मी उतरवत नसतो,” आणि शिट्टी दिली.

त्याला मैदानाचा खड्डा न खड्डा ठाऊक होता,
चेंडू कुठं अडतो, कुठं निसटतो.
तो कोणाच्या जवळ गेला नाही. सवयच नव्हती.
लांबूनच धाडला, उंच,
आणि नारायणाच्या गंधावर अचूक उतरला.
एक शून्य. हंगामातला एकच विजय.
नारायण हात पसरून त्याच्याकडे धावला,
दोन हातांवर थांबला,
मग त्याच हातांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री कंदिलापाशी मी दहा नावं लिहिली.
अकराव्या ओळीशी दौत आटली होती
असं मी पुढे सांगत आलो.

पाच वर्षांनी चिरकुट दारात उभा, पायरीच्या खाली.
कामठीला भरती चालू होती.
“गुरुजी, टीममध्ये खेळलो असा दाखला देता काय?”
मी रजिस्टर आणलं, पान काढलं, बोट फिरवलं.
म्हटलं, नोंद नाही.
खोटं नव्हतं ते.
“हाव जी,” म्हणाला, आणि जाता जाता
वाटेतला एक दगड पायानं बाजूला केला,
इतका हलकेच, की धूळही उठली नाही.

शाळा मोडली. बंदुका कोणाच्या चुलीत गेल्या.
काल पेटी उपसताना रजिस्टर हाती लागलं.
मोतीबिंदूच्या डोळ्यांनी शोधत अकराव्या ओळीवर आलो,
टाक बुडवला, लिहिलं:
चिरकुट बकाराम

आणि पुढं थांबलो.
वरच्या दहांना आडनावं आहेत, ठळक.
याचं मी कधी
विचारलंच नव्हतं.